लोकप्रिय गीतकारांत थोर कोण?

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी, मराठी कादंबरी, होळकरकालीन कागदपत्रे असे भारदस्त विषय आपण ऐकलेत. त्यांच्या पंक्तीला गाणी लिहिणाऱ्यांचा विषय घेऊन बसणे कोणाला हलके वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु आपल्या सभासदांमध्ये वर्षानुवर्षे ज्या एका प्रश्नावर आवाज चढतात तो प्रश्न ज्ञानेश्वरीचा नव्हे, गाण्यांचाच आहे. मराठीत सर्वांत थोर लोकप्रिय गीतकार कोण? कोणी माडगूळकरांचे नाव घेतो, कोणी पी. सावळारामांचे, खेबुडकरांचा पक्षही काही दुबळा नाही. आणि मग कोणीतरी हमखास म्हणतो, ‘अहो, आपल्या माळव्यातला माणूस सोडून तुम्ही पुण्याला कशाला जाता?’

हा वाद मला पोरकट वाटत नाही. इंदुरातील आपल्या मराठीची आजची स्थिती आपण सारे जाणतो. नातवंडे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. लिपी एकच असल्यामुळे मराठी अक्षर त्यांना लागते, पण मराठी पुस्तक त्यांच्या हातून दहा पानांच्या पुढे सरकत नाही. देवघेव विभागाच्या नोंदवहीत त्यांची नावे शोधूनही सापडत नाहीत. मात्र हीच मुले लग्नघरात, गणेशोत्सवात, आजीच्या मांडीवर ऐकलेली मराठी गाणी शुद्ध उच्चारांत म्हणतात. ‘ळ’ आणि ‘ण’ जागच्या जागी पडतो. म्हणजे पुस्तक जेथे पोहोचत नाही तेथे गीत पोहोचते. मग ज्या माणसाच्या शब्दांवर आपली भाषा पुढच्या पिढीत तगून राहणार आहे तो कोण, हे ग्रंथालयाने विचारणे अप्रस्तुत कसे म्हणावे?

प्रथम घरच्या दाव्याचा विचार करू. भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म १८७३ साली ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा. देवास, इंदूर, ग्वाल्हेर ही त्यांच्या आयुष्यातील गावे. ग्वाल्हेरचे ते राजकवी झाले आणि १९४१ साली तेथेच निवर्तले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी कवितेला वळण देणारा हा मोठा कवी. कवितेच्या माथ्यावर राग आणि ताल लिहून ठेवण्याची त्यांची रीत होती. शब्द त्यांच्या मनात गातच येत असले पाहिजेत. पुढे लता मंगेशकरांनी गायिलेल्या त्यांच्या कविता घरोघर गेल्या. लताबाईंचा जन्म इंदूरचा, हे आपल्याला कोणी सांगावयास नको! १९४८ पासून देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांनी तर ‘तांबे गीत-रजनी’ हा स्वतंत्र कार्यक्रमच केला. एवढे सारे असताना तांब्यांना बाजूला ठेवावयाचे म्हणजे कृतघ्नपणा वाटेल.

पण मी त्यांना बाजूला ठेवतो. गेय कविता आणि गीत या दोन गोष्टी मी एक मानीत नाही. तांब्यांची कविता तांब्यांची आहे. तिच्यातील प्रेम, मरणाची चाहूल, संध्याकाळची हुरहुर ही एका विशिष्ट, संस्कारसंपन्न मनाची आहे. गायकाने ती उचलली तेव्हा कवी हयातही नव्हता. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपत असे. त्या मापात बसविण्यासाठी लांब कवितांची कडवी गाळावी लागत. आपल्यापैकी अनेकांना तांब्यांच्या कवितेची तीनच कडवी पाठ आहेत आणि उरलेली छापील पुस्तकात आहेत, याचे कारण रसिकतेत शोधू नये, तबकडीच्या व्यासात शोधावे. गीतकार हा त्या तबकडीचे माप आधीच मनाशी धरून बसलेला असतो. ध्रुवपद, दोन किंवा तीन अंतरे, संगीतकाराची चाल, पडद्यावरील प्रसंग, गायिकेचा गळा आणि निर्मात्याची घाई, हे सारे पत्करून त्याने शब्द द्यावयाचे असतात. तेही बहुधा दुसऱ्याच्या तोंडचे.

माझी कसोटी येथेच आहे. कवी स्वतःच्या तोंडाने बोलतो. गीतकार दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालतो. म्हणून किती निरनिराळ्या तोंडांत त्याचे शब्द शोभले, आणि शोभता शोभता ते त्या तोंडांचेच होऊन गेले का, हे मी पाहतो. गाण्यांची संख्या मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. व्यवसायच गीते लिहिण्याचा असला की संख्या वाढतेच.

या कसोटीने काही थोर नावे चर्चेबाहेर जातात. ती लहान ठरतात म्हणून नव्हे, ती कवींची नावे आहेत म्हणून. मंगेश पाडगांवकरांची गीते आपल्या अरुण दाते यांनी गायिली. रामूभैया दात्यांच्या घरची ती रसिकता १९६२ साली श्रीनिवास खळे यांच्या चालीतून महाराष्ट्राला प्रथम ऐकू गेली. पाडगांवकरांचे गीत म्हणजे पाडगांवकरांची कविताच. यमकाच्या सफाईत सुद्धा ते वेगळे होत नाहीत. सुरेश भटांचे तसेच. ‘उंबरठा’ (१९८२) चित्रपटात त्यांचे शब्द नायिकेच्या तोंडी आहेत खरे. तरी ऐकणाऱ्याला आधी भट ऐकू येतात, मग नायिका.

पी. सावळारामांचे प्रकरण मात्र इतके सोपे नाही. त्यांच्या पक्षात आपल्या भगिनींची संख्या मोठी आहे आणि त्यांचा युक्तिवाद मला अजून पूर्णपणे खोडून काढता आलेला नाही. निवृत्तिनाथ रावजी पाटील हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९१४, सांगलीकडील येडेनिपाणीचा. पुढे ते ठाण्याचे झाले, ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. संगीतकार वसंत प्रभू, लताबाई आणि सावळाराम या तिघांनी मराठी मध्यमवर्गीय घराचा जणू एक स्वर ठरवून टाकला. सासरी निघालेल्या मुलीला उद्देशून त्यांनी लिहिलेले गीत आठवा. ते वाजल्यावाचून आपल्याकडे वरात निघत नसे असा एक काळ होता. इंदूरच्या मंगल कार्यालयात, बाहेर बॅण्डवाले हिंदी सिनेमाची धून वाजवीत असताना, आत ध्वनिक्षेपकावर हे गाणे लागे आणि हिंदीभाषक व्याही मंडळीही डोळे पुसताना दिसत. यापेक्षा लोकप्रियता ती कोणती? पूर्वी जात्यावरच्या ओवीने मुलीच्या सासरवासाला शब्द दिले. जाती थांबल्यावर ते काम सावळारामांनी केले. हे थोर काम आहे. माझी अडचण इतकीच की त्यांचे घर एकच आहे. त्या घराची ओसरी, माजघर, देव्हारा सारे त्यांना ठाऊक आहे. पण रस्ता ओलांडला की त्यांचा आवाज किंचित परका होतो.

रस्ता ओलांडण्याचे धैर्य शांता शेळके यांच्यापाशी होते. महाविद्यालयात मराठी शिकविणारी ही विदुषी, १९९६ च्या आळंदीच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष. आणि त्यांनी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर कोळीगीते लिहिली. ती गायिली लताबाई आणि बंगाली हेमंतकुमारांनी. समुद्रावर ज्यांचे पोट नाही अशा तिघा-चौघांनी मिळून केलेली ती गाणी आज कोळीवाड्यांतही वाजतात. शांताबाईंनी काही गीते ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली, हे आपणांस ठाऊक असेलच. दुसऱ्याचे तोंड धारण करावयाचे ते इतके की स्वतःचे नावही उतरवून ठेवावे! जगदीश खेबुडकर पेशाने शिक्षक. १९७२ हे एकच वर्ष घ्या. ‘पिंजरा’तील तमाशाच्या फडावरची शृंगारिक लावणी त्यांची, आणि ‘आम्ही जातो अमुच्या गावा’ या चित्रपटातील, आज शाळांतून प्रार्थना म्हणून म्हटले जाणारे भक्तिगीतही त्यांचेच. असा आवाका असूनही खेबुडकरांच्या शब्दांत मला कधी कधी घाई दिसते. प्रास जुळला की ते पुढे जातात.

आता माडगूळकर. ग. दि. माडगूळकर म्हटले की सभागृहात ‘गीत रामायण’ असा एकच उद्गार निघतो. मी मुद्दाम तेथून प्रारंभ करीत नाही, कारण ‘गीत रामायणा’च्या प्रकाशात माडगूळकरांचे उरलेले काम अंधारात जाते, आणि थोरवी मला त्या उरलेल्या कामात अधिक दिसते. १९५३ या एका वर्षाकडे पाहा. ‘देवबाप्पा’ चित्रपटासाठी त्यांनी मोराला नाचावयास सांगणारे बालगीत लिहिले. त्याच वर्षी ‘गुळाचा गणपती’साठी इंद्रायणीकाठच्या समाधीचा अभंग लिहिला. दोन्हींचे संगीत पु. ल. देशपांडे यांचे; पहिले गायिले आशाबाईंनी, दुसरे भीमसेन जोशींनी. आज बालवाडीतल्या मुलाला पहिल्या गाण्याचा कर्ता विचारा, तो गोंधळेल; गाण्याला कर्ता असतो हेच त्याला ठाऊक नसते. आणि दुसरे गीत कोणत्या संताचे, असा प्रश्न मला एम. ए.च्या वर्गातील विद्यार्थ्यांनी विचारलेला आहे. एका सिनेमावाल्याचे शब्द संतांच्या गाथेत लोकांनी मनाने नेऊन बसविले! गीतकाराच्या भाग्याची यापुढे पायरी नाही.

माडगूळकरांचा जन्म १९१९ सालचा, शेटफळ्याचा. माणदेशाच्या दुष्काळी मुलुखातले हे घराणे. धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘माणदेशी माणसे’ लिहून ज्या माणसांना मराठी गद्यात आणले, त्यांच्याच बोलीवर थोरल्या भावाचा कान पोसला होता. ओवी, भजन, कीर्तन, लावणी, पोवाडा ही त्यांची अभ्यासाने मिळविलेली छंदसंपत्ती नव्हे, गावातून उचललेली आहे. म्हणूनच ‘प्रपंच’मध्ये (१९६१) कुंभाराच्या संसाराची कथा आली तेव्हा त्यांना फिरते चाक, माती, भट्टी यांतूनच थेट विठ्ठलापर्यंत जाता आले. सुधीर फडके यांच्या आवाजातील त्या गीतात अद्वैताचे सारे तत्त्वज्ञान आहे, पण एकही शब्द असा नाही की जो कुंभाराला समजणार नाही. पंडिताला पंडिताचे वाटावे आणि कुंभाराला कुंभाराचे, असे शब्द मराठीत फार थोड्यांना साधले. ‘लाखाची गोष्ट’मधील (१९५२) शहरी तरुणाचा खट्याळपणा, ‘जगाच्या पाठीवर’मधील (१९६०) रस्त्यावर गाणाऱ्याची विफलता, ‘सांगत्ये ऐका’मधील (१९५९) नाचणारणीचा तोरा, तोंडे मोजता मोजता आपण थकतो. आणि या साऱ्यांत ‘मी माडगूळकर’ असे कोठे ऐकू येत नाही.

‘गीत रामायणा’कडे मी आता वळतो. १ एप्रिल १९५५, रामनवमी, या दिवशी पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रक्षेपित झाले आणि पुढील रामनवमीपर्यंत, १९ एप्रिल १९५६ पर्यंत, ते चालले. दर आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, त्यामुळे वर्षाचे आठवडे वाढले आणि गीतांची संख्या ५६ झाली. पंचांगाने दिलेल्या जादा कामाला कवीने किती आनंदाने तोंड दिले असेल ते त्यालाच ठाऊक! कथा वाल्मीकीची, म्हणून यात माडगूळकरांचे काय, असे विचारणारे विद्वान मला भेटतात. मी त्यांना सांगतो की कथा वाल्मीकीची आहे, तोंडे माडगूळकरांची आहेत. कौसल्या, नावाडी, शूर्पणखा, भरत, मरणोन्मुख जटायू. जो तो आपल्या वयाने, आपल्या जातीने, आपल्या दुःखाने बोलतो. निवेदन जवळजवळ नाहीच. महाकाव्य सांगताना कवी स्वतः मागे उभा राहिला, आणि आठवड्यामागून आठवडा, पुढच्या गीताची वेळ अंगावर येत असताना. त्याच चालींवर इतर भारतीय भाषांत या गीतांचे अनुवाद झाले. हिंदीतील गीते आपल्याकडे ऐकिवात आहेत. शब्द बदलले तरी बोलणारा ओळखू येतो, ही त्या रचनेची ताकद.

तेव्हा माझे मत माडगूळकरांच्या बाजूने आहे, हे आता लपविण्याचे कारण नाही. येथेच थांबलो असतो तर आपण टाळ्या वाजवून घरी गेला असता, सावळारामपक्षीयांनी बाहेर चहा घेताना मला जाब विचारला असता, आणि वाद नेहमीसारखा सुरू राहिला असता.

परंतु एक नाव आपल्या वादात कधी ऐकू येत नाही. इंदूरहून तासाभराच्या आत महू येते. सुभेदार रामजी सकपाळ तेथील लष्करी शाळेत होते, आणि १४ एप्रिल १८९१ रोजी तेथे बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. दरवर्षी १४ एप्रिलला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे महूला लोटतात. त्या दिवशी तेथे उभे राहिले तर मध्य प्रदेशातील एका गावात पहाटेपासून रात्रीपर्यंत मराठी ऐकू येते, आणि ती बहुतांशी गाण्यातून ऐकू येते. आपल्या मराठी मंडळांच्या साऱ्या वर्षभराच्या कार्यक्रमांत मिळून इतके मराठी गाइले जात असेल, असे मला वाटत नाही. त्या गाण्यांतील कितीतरी वामन कर्डक यांची आहेत.

वामनदादा कर्डक, जन्म १९२२, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातले देशवंडी. तरुण वयापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. मुंबईत दुकानांवरच्या पाट्या वाचीत वाचीत ते अक्षरे शिकले. १९४३ च्या सुमारास गीते लिहू लागले ते २००४ साली निधन होईपर्यंत. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, नाट्यगृह या तीन दारांतून ज्यांची गाणी आत आली त्यांनाच आपण ‘लोकप्रिय’ म्हणत आलो. कर्डकांचे गाणे जलशातून, वस्तीतल्या मांडवातून, पुढे कॅसेटमधून गेले. त्याला आपल्या दिवाणखान्याचे दार लागले नाही. चित्रपटाचे दार मात्र लागले होते. ज्या ‘सांगत्ये ऐका’चे नाव मी माडगूळकरांच्या लेखी आताच मांडले, त्याच चित्रपटातील गुलछडीचे गाणे वामन कर्डकांचे आहे. ते गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे? लावणी म्हटले की ती माडगूळकरांची, असे आपण गृहीत धरतो.

कर्डकांना माझी कसोटी लावू लागलो की ती अडखळते. त्यांनी दुसऱ्याच्या तोंडी शब्द घातले असे म्हणता येत नाही. माडगूळकरांचा कुंभार किंवा शांताबाईंचा कोळी हा शेवटी जाणत्या सहानुभूतीने घडविलेला आहे. कुंभाराने स्वतः काय म्हटले असते ते आपल्याला कळत नाही. कर्डकांच्या गीतात बोलणारा आणि ज्याचे बोलणे आहे तो, हे दोघे एकच. शिवाय आणखी एक गमतीचा भेद आहे. माडगूळकरांचे गाणे लोकांत विरले तेव्हा त्यांचे नाव गळून पडले. कर्डक संतांप्रमाणे, शाहिरांप्रमाणे शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा ठेवतात, आणि गाणारी बाई ते नावही तालात म्हणून टाकते. ज्या समाजाला शतकानुशतके नावाने कोणी हाक मारली नाही, त्याच्या गीतकाराने नाव ठेवण्याचा आग्रह धरावा हे मला फार समजण्यासारखे वाटते.

म्हणून काय, वामनदादा माडगूळकरांहून थोर ठरले? मी तसे म्हणत नाही. रचनेची सफाई, प्रकारांचे वैविध्य, शब्दांचा तोल या बाबतींत माडगूळकरांच्या शेजारी मी आजही कोणाला बसविणार नाही. यवतमाळच्या १९७३ च्या साहित्य संमेलनाने चित्रपटगीते लिहिणाऱ्या या माणसाला अध्यक्षस्थानी बसविले ते यथायोग्यच होते. पण ‘लोकप्रिय’ या शब्दातील ‘लोक’ कोण, हे न ठरविता आपण इतकी वर्षे हा वाद घालीत आलो, आणि महूचे लोक त्या मोजणीत धरले नाहीत. ते धरले तर माझ्या निवाड्याचा पूर्वार्ध टिकतो. उत्तरार्ध टिकतोच असे छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. याचा निकाल ज्यांना दोन्हींची गाणी सारखीच पाठ आहेत अशा कोणीतरी द्यावा. असे श्रोते आजच्या या सभागृहात किती असतील, याची मला शंका आहे.

व्याख्यानाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात मी आपली विषयवार सूची चाळली. ‘गीतकार’ असा विभाग तिच्यात नाही. ‘गीत रामायण’ धर्म विभागात आहे, तांबे कविता विभागात, सावळाराम संगीत विभागात. शांताबाई चार ठिकाणी विखुरलेल्या आहेत. कर्डकांचे ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे संग्रह सूचीत मुळीच नाहीत. शताब्दी वर्षाच्या ग्रंथखरेदीची यादी अद्याप कायम व्हावयाची आहे, असे कार्यवाह महाशयांकडून कळले. हे दोन्ही संग्रह त्या यादीत घालावेत, मिळाल्यास दोन-दोन प्रती घ्याव्यात, आणि त्यांपैकी एक कपाटात कुलूपबंद न ठेवता देवघेवीत द्यावी, अशी विनंती मी या व्यासपीठावरून करतो. पुस्तके दुकानांत सहजी मिळतील असे नाही. १४ एप्रिलला महूच्या रस्त्यावर मांडलेल्या ग्रंथविक्रीत ती पाहावीत. आपल्यापैकी कोणी येणार असल्यास मी बरोबर येईन.